न्यूरेंबर्गकर

तो समोरून कधी भेटत नाही, नेहमी बाजूने. डावीकडे शेपूट, उजवीकडे शिंग, आणि मधे एवढा ऐवज की चौकटीत वाऱ्यालाही जागा उरलेली नाही. पायाखाली जमिनीच्या चार रेघा आहेत, त्याही उपकारापुरत्या. मान किंचित खाली, डोळा अर्धवट मिटलेला. न बोलावता येऊन बसलेल्या आणि आता जेवूनच जायचं ठरवलेल्या दूरच्या मामासारखी त्याची एकूण बैठक.

अंगावरचा पोशाख मात्र बघण्यासारखा. पाठीवर एक पत्रा, खांद्यावर दुसरा, पुठ्ठ्यावर तिसरा. पत्र्यांच्या कडेने रिबिटा ठोकल्यासारख्या ठिपक्यांच्या ओळी. गळ्याशी जाडजूड कॉलर, पोटावर फासळ्यांच्या वळणाने गेलेल्या पट्ट्या, पायांवर खवले. नाकावर शिंग आहेच. शिवाय मानेच्या मागे, जिथे कुठल्याही गेंड्याला कधी काही उगवलेलं नाही, तिथे पीळ दिलेलं आणखी एक चिमुकलं शिंग. वर उजव्या कोपऱ्यात सन १५१५, त्याखाली रोमन लिपीत ‘र्‍हिनोसेरस’ हे नाव आणि त्याखाली चित्रकाराची जगप्रसिद्ध सही: ‘ए’ या अक्षराच्या तंगड्यांमधे उभा केलेला ‘डी’. आल्ब्रेश्ट ड्यूरर.

या ड्यूररने जन्मात गेंडा पाहिला नव्हता. आणि तरीही पुढची सव्वादोनशे वर्षं युरोपात गेंडा म्हणजे हाच.

मी त्याला न्यूरेंबर्गकर म्हणतो, कारण त्याला त्याच्या नावाने हाक मारली की दोन जण ओ देतील. एक जनावर, दुसरं चित्र. जनावर गुजरातचं, चित्र न्यूरेंबर्गचं. दोघांची आयुष्यं वेगळी, नशिबं तर अगदीच वेगळी. एकाने भोगलं, दुसऱ्याने मिरवलं. म्हणून दोघांची गल्लत करू नये.

जनावराचं आधी सांगतो, कारण ते लवकर संपतं.

पोर्तुगीजांच्या आफोन्सो द आल्बुकेर्क याने १५१० साली गोवा जिंकला होता आणि आता त्याचा डोळा दीववर होता. तिथे किल्ला बांधायची परवानगी मागायला त्याने १५१४ मध्ये गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशहा याच्याकडे वकील पाठवले. सुलतानाने किल्ल्याला साफ नकार दिला. पण नकार द्यायचा असला तरी पाहुण्याला हात हलवत पाठवू नये, ही रीत त्याच्या दरबारात होती. भेटवस्तूंबरोबर एक जिवंत गेंडाही निघाला आणि गोव्यात आला. आल्बुकेर्क तरी गेंडा ठेवून काय करणार? त्याने तो आपला राजा पहिला मानुएल याला नजर करायचं ठरवलं. जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून ‘नोस्सा सेन्योरा द आजुदा’ हे जहाज निघालं. त्यावर हा गेंडा आणि त्याची देखभाल करणारा ओसेम नावाचा इसम. मोझांबिक, सेंट हेलेना, अझोर्स बेटं अशी वाट काढत, १२० दिवसांनी, २० मे रोजी लिस्बन आलं. नावही जनावराबरोबर इकडूनच गेलं. तिकडच्या पत्रांतून त्याचा उल्लेख ‘गंडा’ असाच येतो.

रोमन काळानंतर युरोपच्या भूमीवर जिवंत गेंडा उतरला नव्हता. विद्वानांनी लगेच जुनी पुस्तकं काढली. रोमन लेखक प्लिनी याने लिहून ठेवलं होतं की गेंडा हा हत्तीचा हाडवैरी असतो. राजाकडे हत्ती होतेच. मग काय, ३ जूनला राजवाड्याच्या अंगणात दोघांना समोरासमोर आणण्यात आलं. हत्ती वयाने लहान होता, गर्दीने आधीच बावरलेला होता, त्याने गेंड्याकडे एकवार पाहिलं आणि धूम ठोकली. झुंज झालीच नाही, पण प्लिनी खरा ठरला असा पुकारा झाला. पुस्तकातलं वाक्य खरं करायला जनावरं कामाला लावायची, आणि ती नुसती पळाली तरी वाक्य सिद्ध झालं म्हणायचं, असा तो प्रकार.

पुढे राजाला पोप दहावा लिओ याची मर्जी संपादन करायची होती. आदल्या वर्षी त्याने रोमला हान्नो नावाचा पांढरा हत्ती पाठवलाच होता, तोही हिंदुस्थानातलाच, आता गेंडा. डिसेंबर १५१५ मध्ये गळ्यात हिरव्या मखमलीचा पट्टा घालून तो लिस्बनहून निघाला. त्याच महिन्यात आल्बुकेर्क गोव्याच्या बंदराशी जहाजावरच वारला. वाटेत मार्सेयजवळच्या एका बेटावर फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा मुद्दाम गेंड्याला बघायला आला. मग इटलीच्या किनाऱ्यालगत, पोर्तोवेनेरेच्या जवळ, वादळात जहाज बुडालं. गेंड्याला पोहता उत्तम येतं; आसामात ते नद्या पार करतात. पण हा साखळदंडाने डेकला जखडलेला होता.

जनावराची गोष्ट इथे संपली. त्याच्या चित्राची तोपर्यंत कितीतरी छापील पानं विकली गेली होती.

ते असं झालं. लिस्बनमध्ये व्हालेंतिम फर्नांदिश नावाचा मोराव्हियाहून आलेला मुद्रक राहत होता. त्याने न्यूरेंबर्गच्या व्यापाऱ्यांना पत्र लिहून या अजब जनावराची हकिकत कळवली. लिस्बनला हिंदुस्थानातून काय उतरतं यावर न्यूरेंबर्गच्या पेढ्यांचं बारीक लक्ष असे. मिरीचा भाव जसा कळायला हवा, तसं हेही. हकिकतीसोबत कुणा अनामिकाने काढलेलं रेखाटनही तिथे पोचलं. दोन्ही ड्यूररच्या हाती आली. त्याने आधी शाईने एक चित्र काढलं, जे आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि मग लाकडी ठशासाठी दुसरं.

लाकडी ठशाचं काम दोघांचं असतं. चित्रकार रेघ काढतो. कोरणारा त्या रेघा तेवढ्या उभ्या ठेवतो आणि बाकीचं लाकूड चाकूने उकरून टाकतो. उभ्या रेघांना शाई लागते आणि ती कागदावर उतरते. चित्र ड्यूररचं, चाकू दुसऱ्याचा. चित्राच्या वर मजकूर खिळ्यांनी जुळवलेला. त्यात गेंड्याचा रंग ठिपकेदार कासवासारखा, तो हत्तीच्या पोटात शिंग खुपसतो, चपळ आणि कावेबाज आहे, वगैरे प्लिनीच्या वळणाची माहिती. आणि सालही चुकून १५१३ घातलेलं. मूळ आकार पाहिला तर आश्चर्य वाटतं: रुंदी जेमतेम ३० सेंटिमीटर. एवढ्याशा कागदात हा मावतो, आणि वजन मात्र दोन टनांचं वाटतं.

आता त्या चिलखताबद्दल. अज्ञानात सुचेल ते रेखाटलं, असं त्याबद्दल सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. हिंदुस्थानी गेंड्याच्या कातडीला खरोखरच जाड घड्या असतात. खांद्यांवर आणि पुठ्ठ्यावर बारीक गाठी असतात, त्या दुरून रिबिटांसारख्या दिसतात. पायाला तीन बोटं असतात, ड्यूररने तीनच काढली आहेत. कानांवर केस असतात, तेही आहेत. म्हणजे पत्रात आणि त्या रेखाटनात बरंच काही बरोबर आलं होतं. अडचण ही की त्या घडीचा अर्थ काय लावायचा, हे कागद सांगत नाही. समोर जनावर असतं तर चालताना घडी उघडझाप करते हे दिसलं असतं. जनावर नव्हतं, आणि न्यूरेंबर्ग होतं. न्यूरेंबर्ग हे चिलखतं घडवणाऱ्यांचं गाव. ड्यूररने त्याच सुमारास सम्राट माक्सिमिलियानसाठी चिलखताची नक्षीही काढली. ज्या हाताला पत्र्यावर पत्रा कसा बसतो हे पाठ होतं, त्या हाताने कातडीच्या घडीला पत्रा समजणं यात मला कसलाही आळस दिसत नाही. उलट प्रत्येक रिबीट जागच्या जागी आहे. चूक करावी तर इतकी निगुतीने करावी.

आणि ड्यूररला पोशाखाची नजर होती, हे विसरून चालणार नाही. १५०० साली त्याने न्यूरेंबर्गच्या बायकांची रंगीत चित्रं काढली होती: घरात नेसायचं वेगळं, चर्चला जायचं वेगळं, नाचाला जायचं वेगळं. माणूस कोण आहे हे त्याने अंगावर काय घातलंय त्यावरून कळतं, अशी ती दृष्टी. गेंड्यालाही त्याने त्याच दृष्टीने पाहिलं. उघडा गेंडा त्याच्या हातून निघालाच नसता.

या गेंड्याला त्याच वर्षी जन्मलेली दोन भावंडंही आहेत. १५१५ मध्येच ड्यूररने आकाशाचे दोन नकाशे लाकडी ठशांवरून छापले, एक उत्तर गोलार्धाचा आणि एक दक्षिणेचा. युरोपात छापलेले ते पहिले तारकानकाशे. योहानेस स्टाबिउसने योजना आखली, कोनराड हाइनफोगेलने ताऱ्यांच्या जागा मोजून दिल्या, आणि ड्यूररने त्या ताऱ्यांना अंगं दिली: सिंह, विंचू, बैल, भुजंगधारी. उत्तरेच्या नकाशाच्या चार कोपऱ्यांत चार जुने आकाशपंडित बसवले आहेत: अराटस, टॉलेमी, मानिलिउस आणि अल्-सूफी, प्रत्येक जण हातात खगोल घेऊन, आपापल्या देशाच्या वेषात. नकाशातलं आकाश खालून पाहिल्यासारखं नाही, बाहेरून पाहिल्यासारखं आहे; म्हणून राशींच्या आकृत्या बऱ्याचदा आपल्याकडे पाठ करून उभ्या असतात. आकाश बाहेरून कुणी पाहिलं होतं? कुणीच नाही. गेंडाही पाहिला नव्हता. त्या वर्षी त्या कारखान्यात न पाहिलेल्या गोष्टी अत्यंत नेमक्या रेघांनी काढल्या जात होत्या. फरक इतकाच की ताऱ्यांच्या जागा मोजून आल्या होत्या आणि गेंड्याच्या घड्या ऐकून.

आपल्याकडे ‘गेंड्याची कातडी’ हा शेलका आहेर पुढाऱ्यांसाठी राखून ठेवलेला असतो. युरोपात त्याच कातडीचा बहुमान झाला. ड्यूररच्या हयातीतच या चित्राच्या चार-पाच हजार प्रती खपल्या असाव्यात असा अभ्यासकांचा अंदाज आहे. १५२८ मध्ये ड्यूरर गेला, पण त्याचा गेंडा कामावर रुजू राहिला. झुरिचच्या कोनराड गेसनरने १५५१ पासून छापलेल्या प्राण्यांच्या महाग्रंथात तो आला, आणि एकदा गेसनरकडे आला म्हणजे पुढच्या प्रत्येक प्राणिग्रंथात आला. फ्लोरेन्सचा ड्यूक आलेस्सांद्रो द मेदिची याने १५३६ मध्ये त्याला आपलं बोधचिन्ह केलं, सोबत ‘जिंकल्याशिवाय परतणार नाही’ अशा अर्थाचं वाक्य. त्यानंतर वर्षभरातच ड्यूकचा खून झाला. १५४९ मध्ये पॅरिसला राजा दुसरा आंरी वाजतगाजत शिरला तेव्हा रस्त्यात स्वागताला हाच गेंडा उभा केला होता, पाठीवर अख्खा ओबेलिस्क घेऊन. पिसाच्या कॅथेड्रलच्या काशाच्या दारावर तो आहे. मायसनच्या चिनी मातीत १७३० च्या सुमारास तो अवतरला. सगळीकडे तेच पत्रे, त्याच रिबिटा, आणि मानेवरचं ते फाजील शिंग. कॉपी करणाऱ्यांपैकी एकालाही वाटलं नाही की हे वगळून बघावं.

ठसा मात्र म्हातारा होत गेला. लाकडाला कीड लागली, त्यातली भोकं कागदावर पांढऱ्या ठिपक्यांनी उमटू लागली. पायांमधून आडवी चीर गेली. उशिराच्या प्रतींत ती चीर चारही पायांना छेदून जाताना स्पष्ट दिसते. ठसा फिरत फिरत नेदरलँड्सला पोचला आणि तिथे १६२० च्या सुमारास विल्लेम यान्सेन याने त्याच्या जोडीला दुसरा ठसा करून त्यावर हिरवट छटा चढवली. म्हातारपणी रंगीत शेला मिळाला म्हणायचा. मला या चिरलेल्या पायांच्या प्रती जास्त आवडतात. त्याच्या ऐटीत तसूभर फरक नाही, पण लाकूड होतं हे त्यात कळतं.

त्याचं आसन हललं ते एका मादीमुळे. तिचं नाव क्लारा. तीही हिंदुस्थानी. पोरकं पिल्लू म्हणून बंगालमध्ये डच कंपनीच्या एका अधिकाऱ्याच्या घरी वाढली, जेवणाच्या टेबलाभोवती फिरायची. डाउवे माउट व्हान दर मेअर या डच कप्तानाने तिला विकत घेतलं आणि १७४१ मध्ये रॉटरडॅमला आणलं. पुढची सतरा वर्षं तो तिला घेऊन युरोपभर हिंडला, गावोगाव तिकीट लावून; १७५८ मध्ये ती लंडनला मेली. हजारो लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा खरा गेंडा पाहिला आणि त्याला रिबिटा नव्हत्या. पॅरिसला ऊद्री याने १७४९ मध्ये तिचं पूर्णाकृती तैलचित्र रंगवलं, घड्या आणि सुरकुत्यांसकट. लायडनच्या आल्बिनुसच्या शरीररचनेच्या थोर ग्रंथात तर मानवी सांगाड्याच्या मागे क्लारा शांतपणे चरताना दिसते. हाडं नीट कळावीत म्हणून मागे गेंडा कशाला हवा, हे आल्बिनुसच्या टीकाकारांनाही पडलेलं कोडं. पण चित्र सुरेख आहे.

न्यूरेंबर्गकर त्यानंतर निवृत्त व्हायला हवा होता. तो झाला नाही. स्कॉटिश प्रवासी जेम्स ब्रूस याने १७९० मध्ये आपला आफ्रिकेचा प्रवास प्रसिद्ध केला. त्यात त्याने ड्यूररच्या गेंड्यावर तोंडसुख घेतलं: त्यातला एकही अवयव धड नाही, आणि लोकांनी हे कसं चालवून घेतलं! मग आपण स्वतः पाहून काढवून घेतलेला दोन शिंगांचा आफ्रिकी गेंडा त्याने अभिमानाने छापला. त्या आफ्रिकी गेंड्याच्या अंगावर हिंदुस्थानी गेंड्याच्या घड्या होत्या. आफ्रिकी गेंड्याची कातडी सपाट असते. कलेतिहासकार गोम्ब्रिकने हा किस्सा सांगून दाखवून दिलं की माणूस डोळ्यांनी पाहतो तेव्हाही आधी पाहिलेलं चित्र मधे येऊन उभं राहतं. ब्रूसच्या आणि गेंड्याच्या मधे कोण उभं होतं ते सांगायला नको. जर्मन शाळांच्या पुस्तकांत तर विसाव्या शतकातही हाच गेंडा खरा म्हणून छापला जात होता.

हे सगळं वाचताना आपल्याकडच्या माणसाला जरा गंमत वाटते, कारण या जनावराची तसबीर आपल्याकडे चार हजार वर्षांपूर्वीपासून आहे. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर गेंडा आहे, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या दगडात कोरलेला, आणि त्याच्या कातडीच्या घड्या घड्यांसारख्याच आहेत. प्रवरेकाठच्या दायमाबादला, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, १९७४ साली झाडाच्या मुळाशी खणताना एका गावकऱ्याला चार काशाच्या वस्तू सापडल्या: बैलांचा रथ, हत्ती, रेडा आणि चाकांवर उभा असलेला गेंडा. अभ्यासक त्यांना साधारणपणे उत्तर हडप्पा काळातल्या मानतात. ज्याने तो घडवला त्याने गेंडा कुठे पाहिला हे कळायला मार्ग नाही, पण त्या गेंड्याला बघून कुणी बिचकत नाही. तो ओळखीचा आहे.

मुद्रांवरच्या गेंड्यासमोर बहुधा एक गव्हाण कोरलेली असते. म्हणजे कुणीतरी त्याला खायला घालत होतं, किंवा निदान त्याला आपल्या आवारात मानत होतं. ही गव्हाण मला महत्त्वाची वाटते, कारण १५१५ च्याच आणखी एका चित्रात तिच्यासारखंच काहीतरी आहे. ड्यूररचा समकालीन, आउग्सबुर्गचा हान्स बुर्ग्कमायर, यानेही त्याच वर्षी त्याच गेंड्याचा लाकडी ठसा केला. त्यानेही बहुधा गेंडा पाहिला नव्हता. त्याच्याकडेही लिस्बनहून आलेलीच माहिती असणार. पण त्याच्या गेंड्याला चिलखत नाही. मानेवर दुसरं शिंग नाही. अंग केसाळ, कातडी लोंबती, चेहरा थकलेला. आणि पुढच्या दोन पायांना दोरखंडाने जखडलेलं आहे.

तंतोतंतपणात बुर्ग्कमायर सरस. बाजारात तो चालला नाही. त्याच्या चित्राची एकच प्रत आज शिल्लक आहे, व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात. जाणकार याची कारणं सांगतात: ड्यूररचं नाव मोठं, त्याची विक्रीची व्यवस्था चोख, त्याची रेघ अधिक तेजदार. ती कारणं खरी आहेत. मला मात्र वाटतं, गिऱ्हाइकाने दोरी पाहिली आणि पुढचा कागद उचलला. दूरदेशाहून आलेल्या राक्षसाचं चित्र भिंतीवर लावायचं, तर त्याचे पाय बांधलेले कोणाला हवेत? ड्यूररने पायांतली दोरी काढली आणि अंगावर लोखंड चढवलं. लिस्बनला पोचलेल्या गेंड्याला ओसेम चारापाणी करत होता, पुढे त्याच्या गळ्यात मखमली पट्टा होता, आणि शेवटी साखळी. न्यूरेंबर्गकराच्या चित्रात यातलं काही नाही. त्याला कुणी पकडून आणलेलं नाही, तो स्वतःच आला आहे. सगळ्या चुकांत ही चूक सर्वांत मोठी, आणि हिच्याबद्दल ब्रूसनेही तक्रार केली नाही.

तो खपतोच आहे. साल्वादोर दालीने १९५६ मध्ये त्याला लेस नेसवून धातूत ओतला. चहाच्या मगांवर, टी-शर्टांवर, संग्रहालयांच्या दुकानांतल्या झोळ्यांवर तो असतो. २०१३ साली न्यूयॉर्कच्या लिलावात त्याच्या एका जुन्या प्रतीला साडेआठ लाख डॉलरच्या वर किंमत आली. मानेवरचं ते शिंग घेणाऱ्याला त्यातच पडलं.